पंचवीस हजार व्होल्टखालून मानाची काठी

लवटेवाडी, ता. कवठेमहांकाळ
जत्रेनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप धनाजी दाजींच्या पायी सिद्धूचा दंडवत. आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुमच्या गलाईच्या भट्टीलाही हात जोडतो, कारण परमुलखात तुम्ही लोकांचं सोनं वितळवता म्हणून इथे आमच्या बिरोबाच्या दारात मांडव पडतो. इकडे सगळे धडधाकट आहोत. डाळिंबाला फूल बरं धरलंय. मेंढरं आता नावापुरती उरली (त्यातलंही एक रोज शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन आमच्या घराण्याचं नाव काढतं). तुमचा गुडघा कसा आहे? आक्काला इडलीचा कंटाळा आला असेल तर बाजरीचं पीठ पाठवतो, तसं कळवा. परवा तुमचा फोन आला तेव्हा मी बोलणार होतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग कोइमतुरातले झाडून सगळे गलाईवाले एकदम बोलायला लागतात. त्या गलक्यात मला ‘काठी’, ‘वाकली’ आणि ‘लाज’ एवढे तीनच शब्द धड ऐकू आले. म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच कुणाला तोडता येत नाही.

तर तुमच्या ग्रुपवर आपल्या गावातल्या तानाजीने टाकलेला व्हिडिओ मीही पाहिला. त्यात आपल्या बिरोबाची मानाची काठी रेल्वे फाटकात जवळजवळ आडवी झालेली दिसते, हे खरं आहे. नाही म्हणत नाही. आणि त्यावरून तुम्हा मंडळींचं असं ठरत आलंय की, काठी वाटेत वाकली म्हणजे आमच्या घराचा मान संपला, आता पुढच्या वर्षीपासून काठी तानाजीच्या अंगणातून उठावी. दाजी, माझ्या पणजोबापासून ती काठी आमच्या अंगणातून उठते. पस्तीस फुटी वेळू, शेंड्याला निशाण आणि मोरपिसं, आणि एकदा उठली की माळावरच्या देवळापर्यंत ताठ. दुष्काळात उठली, पटकीच्या साथीत उठली. ती माझ्या हयातीत दुसऱ्याच्या अंगणात गेली तर मला भाकर गोड लागायची नाही, हे उघड सांगतो. निकाल तुम्ही वडीलधाऱ्यांनी करायचा आहे, पण तो पत्र संपल्यावर करा, एवढंच मागणं.

आता तुम्ही गाव सोडून गेलात तेव्हा गाव आणि देऊळ यांच्या मधून जो रेल्वेचा रूळ जातो, त्यावर डिझेलचं इंजिन धावायचं. धूर सोडायचं, ठणाणा करायचं, पण वरती आभाळ मोकळं होतं. फाटक उघडलं की काठी ताठ पलीकडे. गेटमन भंडारा लावून घ्यायचा आणि आपण दुसऱ्या दिवशी त्याला नैवेद्य पोचवायचो. मग सरकारने लाइनीला वीज दिली. रुळाच्या कडेने खांब उभे राहिले, वरून तार गेली, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंचीच्या लोखंडी कमानी आल्या, म्हणजे उसाची उंच भरलेली ट्रॉली तारेला लागू नये. आम्ही त्या खांबांना नारळ फोडला. का फोडणार नाही? आपली प्रांजल त्याच खात्यात आहे.

प्रांजल म्हणजे माझी थोरली. तुम्ही तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शेळीच्या मागे रडत फिरत होती. आज ती रेल्वेत कनिष्ठ अभियंता आहे, खातं ‘कर्षण वितरण’. (हे मी घराच्या पाटीवर तिच्या नावाखाली लिहून घेतलंय. गावातले निम्मे लोक समजतात की ती रेल्वेतर्फे काहीतरी वाटते, आणि अधूनमधून आपला वाटा विचारायला येतात.) पहिली नेमणूक साताऱ्याकडे झाली, आता बदली होऊन आपल्या बाजूला आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, आणि हाताखाली आठ-दहा बाप्ये. ती ‘उतरा’ म्हणाली की खांबावरून उतरतात. मला घरात एवढं कुणी ऐकत नाही.

दाजी, तुम्ही आगीतले जाणकार, म्हणून विजेचं थोडक्यात सांगतो. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. आपल्या घरात असतात त्याच्या शंभरपट आणि वर. इंजिनाच्या टपावर दुमडीचा एक सांगाडा असतो, त्याला पेंटोग्राफ म्हणतात. तो वर उचलला की तारेला खालून घासत जातो आणि वीज आत घेतो. आतला ट्रान्सफॉर्मर तिला नरम करतो, मग ती मोटारींना जाते, मोटारी चाकं फिरवतात, आणि वीज चाकांतून रुळात उतरून परत सबस्टेशनला जाते. तानाजीने बॅटरीची स्कूटर घेतलीय. ती शिदोरी बांधून निघते आणि शिदोरी संपली की बसते (परवा देवळाच्या चढावर बसली, ढकलायला मीच होतो). रेल्वेला तसं नाही, तिला वाटेभर वाढपी उभा आहे. आणि साताऱ्याच्या पलीकडे आदर्कीचा घाट आहे ना, तो उतरताना नव्या इंजिनाच्या त्याच मोटारी उलट वीज तयार करतात आणि वरच्या तारेला परत देतात, ती मग दुसऱ्या गाडीच्या कामी येते. उतरताना कमावणारं जनावर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

हे ज्ञान मला एकदम झालं नाही. सुरुवातीला मी रुळाच्या कडेने तार न्याहाळत गेलो तर ती कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे ओढलेली. मला वाटलं ठेकेदाराने दारू पिऊन काम केलं. मुलगी खात्यात, तेव्हा आपली जबाबदारी म्हणून मी स्टेशनात जाऊन लेखी तक्रार दिली की तार वाकडी आहे, माणूस बदला. ती तक्रार फिरत फिरत प्रांजलच्याच टेबलावर आली. तिने संध्याकाळी मला समजावलं की, तार मुद्दाम नागमोडी ओढतात. सरळ ओढली तर सांगाड्यावरची पट्टी एकाच जागी घासून कापली जाईल. मी म्हणालो, मला ठाऊक होतं, तुझी परीक्षा बघत होतो. तिने तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. आई मात्र (म्हणजे माझी बायको) बरंच बोलली. तसंच खांबांना लोखंडी चकत्यांची वजनं टांगलेली असतात, ती ऊन-थंडीत तार ताणून धरायला. आपल्या तालमीतल्या पोरांची त्यांच्यावर नजर होती. मी वेळेत त्यांना सांगितलं म्हणून लाइन वाचली, असं मी समजतो.

आता जत्रा तोंडावर आली. तार आल्यावरची पहिली जत्रा. फाटकावर पाटी लागलेली की कमानीपेक्षा उंच काही नेऊ नये, आणि वरच्या तारेजवळ गेलात तर वीज स्पर्शाची वाट न बघता अंगावर उडी घेते. देवळात बैठक बसली. कुणी म्हणालं काठी तोडून आखूड करा. त्याला बाहेर काढलं. कुणी म्हणालं ट्रकात घालून लांबच्या पुलावरून न्या. देवाची काठी ट्रकात, जणू काय घर बदलतोय! तानाजी म्हणाला, सिद्धूआप्पाला जमत नसेल तर मान सोडावा, बाकीचं आम्ही बघतो. तेव्हा मी उठलो आणि बोललो की, रेल्वेची वीज बंद करून घेतो. काठी जाईस्तोवर पंचवीस हजार व्होल्ट थांबतील. सगळ्या बैठकीने माझ्याकडे असं वळून पाहिलं की दाजी, तुम्ही हवे होतात.

मी घरी येऊन प्रांजलला म्हणालो, जत्रेच्या दिवशी वीज बंद पाहिजे. ती म्हणाली, ‘आप्पा, वीज बंद करायला ब्लॉक घ्यावा लागतो, वरून मंजुरी लागते. पण आधी मला सांगा, तार...’ मी म्हणालो, तारेचं तू बघ, मंजुरीचं मी बघतो. मग तिच्या साहेबांकडे गेलो. साहेब हिंदी बोलणारे. माझ्या धाकट्या भावाने मिलिटरीतून आणलेली हिंदी मलाही थोडी येते. मी म्हणालो, ‘साहब, हमारी काठी खडी जाती है, देव का मान है.’ साहेबांनी प्रांजलकडे पाहिलं. प्रांजल म्हणाली, ‘आप्पा, मी तेच सांगत होते, तार...’ मी तिला हातानेच गप्प केलं. साहेबांसमोर पोरीने बापाला शिकवणं बरं दिसत नाही. असा मी तीनदा गेलो, प्रत्येक वेळी डाळिंबं नेली (साहेबांनी घेतली नाहीत, शिपायाने घेतली). तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, ठीक आहे, त्या दुपारी तिथे ब्लॉक असेल, त्या वेळेत तुमची काठी न्या. आज विचार करतो तेव्हा कळतं, साहेबांना वाटलं असणार की लोक चार माणसांच्या खांद्यावर आडवी नेतील. आणि मला वाटलं, झालं, रेल्वे वाकली. मी वाटेत प्रत्येक ओट्यावर थांबत घरी आलो.

जत्रेचा दिवस. दाजी, ढोल आणि कैताळांच्या झांजा अशा लागल्या होत्या की कान किटले. भंडारा एवढा उधळला की काळी मेंढरं पिवळी झाली. काठी अंगणातून उठली, बुंध्याला मी, दोरांना भाऊबंद, आणि अख्खं गाव मागे. फाटकाशी पोचलो तर काय थाट! रुळावर ती उंच मचाणाची टॉवर वॅगन उभी, खात्याची माणसं हेल्मेट घालून, आणि मधोमध आपली प्रांजल, हातात फोन. लांबलांब कांबींचे आकडे तारेला अडकवून तिचा जमिनीशी जोड केलेला, म्हणजे तारेत उरलीसुरली वीज असली तरी मातीत जाईल. प्रांजलने फोनवर खात्री केली, हात वर केला आणि ओरडली की वीज बंद आहे. ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं!’ माझा तर आवाजच बसला. त्या क्षणी रेल्वेची सगळी ताकद माझ्या पोरीच्या मुठीत होती आणि काठी माझ्या मुठीत. आयुष्यात एवढा उंच मी कधीच झालो नव्हतो.

मग मी दहा पावलं पुढे गेलो आणि थांबलो. माझ्यामागे ढोल थांबले. अख्ख्या गावाने मान वर केली. समोर लोखंडी कमान, तिच्यापलीकडे तार, आणि आमची काठी दोहोंच्या दुप्पट उंच. वीज गेली होती. तार जागच्या जागी होती.

दाजी, हसू नका. एवढ्या मोठ्या बैठकीत, देवऋषी, माजी सरपंच, दोन बारावी पास, कुणाच्याच डोक्यात आलं नाही की करंट बंद झाला तरी तार आभाळात विरघळत नाही. एकीच्याच डोक्यात होतं आणि तिला मी दर वेळी गप्प केलं होतं. दोरावरचा आमचा आकाराम म्हणाला, ‘आवं, तार कापा की, उद्या जोडू.’ तालमीतली पोरं म्हणाली, मचाणावर चढून काठी वरच्या वर तारेवरून पलीकडे देऊ. प्रांजलने सगळ्यांना एका नजरेत खाली बसवलं. तिकडे ब्लॉकची वेळ सरत होती, पुढच्या स्टेशनात मालगाडी खोळंबली होती, आणि तानाजीने मोबाईल बाहेर काढला होता. काठी परत न्यावी तर देव उपाशी, आडवी करावी तर मान गेला. पणजोबापासूनचे सगळे लवटे त्या कमानीवर बसून माझ्याकडे बघतायत असं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून सुलाबाई पुढे आली. सुलाबाई म्हणजे तानाजीची सख्खी चुलती, गावातली सगळ्यात जुनी म्हातारी, हे ध्यानात ठेवा. हातातली आपली काठी टेकत थेट प्रांजलपाशी गेली आणि तिथून माझ्यावर ओरडली. ‘आरं सिद्धू, काठी पाटलाफुडं वाकत न्हाई, सायबाफुडं वाकत न्हाई. पर गावची लेक जत्रंला म्हायेरी आली तर तिच्याफुडं वाकती, इसरला व्हय? आमच्या टायमाला दारोदार वाकायची. लेकी शेंड्याला खण बांधायच्या. आता लेकी येतच न्हाईत, मंग तुमाला कुटनं म्हाईत असणार?’ मग प्रांजलच्या हेल्मेटवर थाप मारली. ‘ही काय, हुबी हाय की लेक!’

देवऋषीने डोळे मिटले, हातातला भंडारा उधळला आणि मान डोलावली. मी प्रांजलकडे पाहिलं. ती क्षणभर घाबरली, हे मी बाप आहे म्हणून मला दिसलं. मग तिने आकड्यांची जोडणी पुन्हा एकदा तपासली, खात्याच्या माणसांना दोन्ही अंगांना उभं केलं आणि कमानीखाली येऊन काठीसमोर उभी राहिली. आम्ही दोर सैल सोडले. पस्तीस फुटी वेळू हळूहळू झुकला, झुकला, आणि निशाण तिच्या छातीशी आलं. तिने शेंडा दोन्ही हातांत धरला आणि देवाकडे पाठ न करता एकेक पाऊल मागे मागे चालायला लागली. ‘आप्पा, हळू. उजवीकडं घ्या. आता सरळ. दोर वडू नका.’ ती म्हणेल तसा मी चाललो. एका शब्दाने तोडलं नाही. तिच्या डोक्यावर कमान गेली, मग तार गेली, मग माझ्या डोक्यावर तार गेली, आणि निशाण कुठेही मातीला लागलं नाही. दुसऱ्या कमानीपलीकडे गेल्यावर शेंड्याला बांधायला तिच्यापाशी खण नव्हता. तिने खिशातला हातरुमाल काढला, ग्रीसचे डाग पडलेला, आणि बांधला. मग शेंडा सोडला. काठी परत आभाळात गेली तेव्हा दाजी, मी भंडाऱ्याच्या निमित्ताने डोळे पुसले. माळाच्या चढावर होतो तोवर खाली वीज आली आणि मालगाडी गेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. सगळे म्हणतात त्याने फाटकासाठी दिला. मी तसं मानत नाही.

तानाजीच्या व्हिडिओत प्रांजल का दिसत नाही, ते आता सांगतो. तो टॉवर वॅगनच्या मागून चित्रण करत होता, त्यामुळे त्याला फक्त काठी आडवी दिसली आणि लेक झाकली गेली. तुम्हीच सांगा, ह्याला वाकणं म्हणायचं का? काठी तारेपुढे वाकली असती तर मी स्वतः ती तानाजीच्या दारात नेऊन उभी केली असती. ती घरच्या लेकीपुढे वाकली. आणि ती लेक माझी आहे, हा काही माझा दोष नाही. तो रुमाल अजून शेंड्याला आहे, सोडायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हा गलाईवाल्यांची बैठक बसवाल तेव्हा हे पत्र पहिल्यापासून वाचून दाखवा, वाटल्यास स्पीकर लावून. आक्काला सांगा, भाऊ तब्येतीने बरा आहे आणि सध्या जरा जास्तच बरा आहे. लोभ आहेच, तो कोइमतुराच्या उन्हात वितळू देऊ नका.

तुमचा मेहुणा,
सिद्धू लवटे
(प्रांजल लवटे, कनिष्ठ अभियंता, कर्षण वितरण, यांचे वडील)

ता. क. पत्र प्रांजलने वाचलं आणि दोन गोष्टी लिहायला लावल्या. एक, तो ब्लॉक काठीसाठी नव्हता, फाटकाजवळच्या खांबांवरचे इन्सुलेटर बदलायचे होते, ते काम महिनाभर आधीच ठरलं होतं. साहेबांनी फक्त आमची वेळ त्यात बसवली. दोन, मी तीनदा नेलेल्या डाळिंबांचा रेल्वेच्या विजेवर काहीही परिणाम झालेला नाही. गावात मात्र हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आणखी ता. क. ती असंही म्हणते की, काठी कितीही वाकवली तरी विचारल्याशिवाय तारेखालून न्यायची नाही. हे तुमच्या ग्रुपवर जरूर टाका. तानाजी ऐकणार नाही, पण सुलाबाईने त्याला ऐकवलं आहे. तिने काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटचा ता. क. खरं काम विसरत होतो. ते फाटक आता कायमचं बंद होतंय. पुढच्या जत्रेपर्यंत रुळाखालून भुयारी रस्ता होणार, छत बुटकं आणि लांबी भरपूर. काठी या तोंडापासून त्या तोंडापर्यंत वाकूनच न्यावी लागणार. एवढ्या लांबीला एक प्रांजल पुरायची नाही. सुलाबाईने ठरवलंय की दोन्ही भिंतींना गावच्या लेकी ओळीने उभ्या करायच्या, जिथे जिथे गेल्या असतील तिथून बोलावून. पहिली जागा आक्काची. लग्न होऊन गेल्यापासून ती काठीपुढे उभी राहिलेली नाही, आणि तिला बोलवायचं आम्हालाही कधी सुचलं नाही. तिला जत्रेआधी पंधरा दिवस पाठवा, पोरींसकट. तुम्हीही या. पण जावयापुढे काठी वाकत नाही, तेव्हा तुमची जागा माझ्याशेजारी, बुंध्याला. मग काठी वाकली, का लेकींना भेटली, ते तुम्हीच ग्रुपवर कळवा.